अस्सल बरहुकूम

“हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत?” असे एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस 2025 च्या गुढीपाडव्यास विचारले, आणि आम्ही क्षणाचाही विलंब न लावता “हो” म्हणून मोकळे झालो. हे उत्तर खोटे होते. खोटे बोलण्याचा आमचा इरादा होता असे नाही. सणाचा दिवस, भोवती माणसांची वर्दळ, हातात श्रीखंडाची वाटी, अशा वेळी ‘पाहणे’ या क्रियापदाचा अर्थ उकलीत बसणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही, इतकेच. परंतु ते गृहस्थ लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले होते. मंडळात त्यांस सर्वजण काका म्हणतात. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढविला, भिंतीवर टांगलेल्या आमच्या छायाचित्राच्या अगदी निकट तोंड नेले आणि खालच्या अंगास असलेल्या एका बारीक तंतूवर बोट ठेवून दुसरा प्रश्न केला, “आणि ही रेघ हो? बाकीच्या सगळ्या विरत गेल्यात, मग ही एकटीच इतकी ठसठशीत कशी? हिचं व्हाउचर आहे का तुमच्याजवळ?”

भोवतालची मंडळी हसली; आम्हीही हसलो. रात्री मात्र झोप येईना.

छायाचित्र होते मिथुन राशीतील एका अंधुक अभ्रिकेचे. जॉर्ज एबल या अमेरिकन ज्योतिर्विदाने पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्वेक्षणातील काचांवर ती 1955 साली हुडकून काढली; त्याच्या यादीत तिचा क्रमांक 21 आहे. तिच्यातील नागमोडी तंतूंमुळे ग्रीक पुराणातील सर्पकेशी स्त्रीचे, मेडुसाचे, नाव तिला मिळाले. ती बिंबाभ्रिका या जातीची आहे. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की आपली बाह्य आवरणे अवकाशात सोडून देतो, आणि आत उघडा पडलेला तप्त गाभा त्या टाकलेल्या कातेस काही सहस्र वर्षे उजळीत राहतो. आपल्या सूर्यावरही सुमारे 500 कोटी वर्षांनी बहुधा हीच पाळी यावयाची आहे. इंग्रजीत या जातीस ‘ग्रहीय’ म्हणतात, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हर्शलला त्यांचे वाटोळे बिंब ग्रहासारखे भासले. ग्रहांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. पण चुकीचे नाव एकदा फायलीवर चढले म्हणजे ते उतरत नाही, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. खुद्द या मेडुसेस 1970 च्या सुमारापर्यंत एका स्फोट पावलेल्या ताऱ्याचे अवशेष समजत असत. तिच्या वायूंचा प्रसरणवेग मोजला गेला, तो स्फोटाच्या मानाने फारच मंद निघाला, आणि मग तिची जात बदलली.

येलहंक्यास बदली होऊन आल्यावर आम्हांस या अभ्रिकेचा लोभ जडला, याचे कारण भूगोलात आहे. येलहंक्याचे अक्षांश 13 अंशांहून किंचित अधिक, आणि मेडुसेची क्रांतीही 13 अंश व वर थोड्या कला. म्हणजे ती जेव्हा मध्यमंडल ओलांडते तेव्हा आमच्या गच्चीच्या नेमकी डोक्यावर, खस्वस्तिकास जवळजवळ चाटून जाते. आकाशातील वस्तू क्षितिजाजवळ असली म्हणजे तिचा प्रकाश हवेच्या जाड थरातून यावा लागतो. डोक्यावर असली म्हणजे तो थर सर्वांत पातळ. शिवाय जानेवारी-फेब्रुवारी हे बंगळूरचे कोरडे महिने. पुण्यास असताना जी आमच्या दक्षिणेस कललेली असे, ती येथे माथ्यावर आली. बदलीच्या नोकरीत अशी भरपाई क्वचितच मिळते.

बाकी सर्व गोष्टी मात्र प्रतिकूल. 2008 साली देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यापासून विमानांचे दिवे आमच्या आकाशातून रात्रभर रेघोट्या ओढीत असतात. वायुदलाचा तळ तर गावातच आहे. रस्त्यावरचे पांढरे दिवे असे की गच्चीवर वर्तमानपत्राचे मथळे वाचता यावेत. दुर्बीण पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरावी म्हणून तिचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि येथे ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम 13 अंश. तो आमच्या शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे कायमचा लपलेला आहे. तेव्हा ध्रुवदर्शनाविना, इतर ताऱ्यांच्या सरकण्यावरून अदमास बांधीत, दुर्बिणीची बैठक लावण्यास आम्हांस पहिल्या तीन रात्री लागल्या.

अशा आकाशातून, आमच्या सहा इंची परावर्ती दुर्बिणीतून, मेडुसा डोळ्यांस दिसत नाही. अंधुक दिसते असेही नव्हे. मुळीच दिसत नाही. काकांच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

मग ते छायाचित्र आले कोठून? दुर्बिणीच्या मुखाशी, डोळ्याच्या जागी, थंड ठेवलेला कॅमेरा बसविला होता. त्यापुढे एक गाळणी होती, जी प्रकाशातील दोनच अरुंद पट्टे आत सोडते: हायड्रोजनचा तांबडा, 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा हिरवट, 500.7 नॅनोमीटरचा. रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड ती बाहेर थोपविते. प्रत्येक छायाचित्रासाठी पाच मिनिटे झापडी उघडी. नऊ रात्रींत अशी 171 छायाचित्रे जमली, त्यांपैकी ढग, वारा आणि थरथर यांनी बिघडलेली 27 टाकून दिली व 144 ठेवली. म्हणजे बारा तासांचा प्रकाश.

यांतील कोणतेही एक चित्र पडद्यावर पाहिले तर त्यात तारे दिसतात, आणि तारे सोडून रेडिओवरील खरखरीसारखी एक खरखर दिसते. अभ्रिका त्या खरखरीत बुडालेली असते. परंतु खरखर दर वेळी निराळी असते आणि अभ्रिका दर वेळी तीच. म्हणून 144 चित्रे एकावर एक बेतून त्यांची सरासरी काढली की खरखर आपापसांत बरीचशी मिटून जाते, आणि अभ्रिकेचे पारडे 144 च्या वर्गमुळाने, म्हणजे बारा पटींनी, जड होते. विमानाची रेघ एखाद्या चित्रात उमटली असेल तर उरलेली 143 चित्रे तिच्याविरुद्ध साक्ष देतात आणि ती गळून पडते. बहुमताने सत्य ठरविण्याची ही पद्धत राजकारणात किती खरी ठरते ते आम्ही सांगणार नाही. येथे ती खरी ठरते, कारण साक्षीदारांनी एकमेकांशी आगाऊ बोलणे केलेले नसते.

आणखी एक विधी आहे, आणि तो आम्हांस सर्वांत प्रिय आहे. काम संपल्यावर दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावून, तितक्याच मिनिटांची, तितक्याच थंडीत, पुन्हा छायाचित्रे घ्यावयाची. त्यांत आकाश नसते. त्यांत असतात ते केवळ आपल्या कॅमेऱ्याचे दोष: कोठे एखादा बिंदू उगाच चमकतो, कोठे एका कडेस उगाच उजळ झाक असते. ही दोषांची चित्रे मूळ चित्रांतून वजा करावयाची. आपल्या डोळ्यांत आधीच काय भरलेले आहे हे झाकण लावून तपासण्याची सोय माणसास नाही. ती असती तर पुष्कळ वाद मिटले असते.

एवढे झाल्यावर जे चित्र हाती येते तेही जवळजवळ काळेच असते. अभ्रिकेचा सर्व ऐवज अंधाराच्या तळाशी, काळ्या रंगाच्या दोन छटांमध्ये दाटलेला असतो. त्या दोन छटांमधील अंतर संगणकावर ताणून मोठे करावे लागते, तेव्हा कोठे तो तांबूस कोयरीसारखा आकार आणि आतील निळसर हिरवी वाफ वर येते. कोणी म्हणेल, हीच मुळी लबाडी. आम्हांस तसे वाटत नाही. मोडी दफ्तरातील शाई पुसट झाली म्हणजे तीवर विशिष्ट प्रकाश टाकून अक्षरे उठावदार करतात. त्यास कोणी बनावट म्हणत नाही. उजळलेले अक्षर आधी तेथे होते. हबल दुर्बिणीने 1995 साली घेतलेल्या गरुड अभ्रिकेच्या स्तंभांच्या जगप्रसिद्ध चित्रात गंधकास तांबडा, हायड्रोजनास हिरवा आणि ऑक्सिजनास निळा रंग दिलेला आहे. वास्तविक हायड्रोजनचा व गंधकाचा तो प्रकाश दोन्ही तांबडेच. तरीही ते चित्र खोटे नव्हे, कारण कोणता रंग कशासाठी योजिला हे सांगून टाकलेले आहे. नकाशात दोन जिल्हे दोन रंगांत दाखविले म्हणून तेथील माती त्या रंगाची आहे असे कोणी समजत नाही.

तेव्हा ‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ हे वाक्य आणि ‘छायाचित्रावर संस्कार केले म्हणजे ते खोटे’ हे वाक्य, दोन्ही आम्ही बाजूस ठेवतो. संस्कारावाचून येथे चित्रच नाही. आणि डोळ्यांची थोरवी तरी कितीशी? 1903 साली मॉन्डर या इंग्रज ज्योतिर्विदाने शाळेतील मुलांपुढे मंगळाचे एक चित्र ठेवले, त्यात कालवे नव्हते, ठिपके व छटा होत्या. दूर बसलेल्या पुष्कळ मुलांनी त्याची नक्कल करताना सरळ रेषांचे कालवे काढले. मुले खोटे बोलत नव्हती. लांबून पाहणाऱ्या डोळ्याने ठिपक्यांची रेघ जोडली होती.

आमच्या गाळणीतून आलेल्या त्या हिरवट प्रकाशाचा इतिहास या संदर्भात फार बोधक आहे. 1864 साली विल्यम हगिन्स याने एका बिंबाभ्रिकेचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, आणि त्यास अखंड सप्तरंगी पट्ट्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतील सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. पुढे त्या अज्ञात द्रव्यास नावही मिळाले: ‘नेब्युलियम’. चारच वर्षांनी, 1868 मध्ये, सूर्याच्या प्रकाशात अशीच एक न जुळणारी पिवळी रेषा मिळाली. नॉर्मन लॉकियर यांनी तीवरून हेलियमची कल्पना केली. हेलियम 1895 साली रॅम्से यांस पृथ्वीवर खरोखरच सापडला. नेब्युलियम कधीच सापडला नाही. 1927 साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ती हिरवी रेषा आपल्या नेहमीच्या ऑक्सिजनचीच आहे. मात्र ती उमटण्यास अणूस अर्ध्या-पाऊण मिनिटाचा निवांतपणा लागतो, आणि आपल्या दाट हवेत अणूंची सतत धक्काबुक्की चाललेली असल्याने तो निवांतपणा येथे मिळत नाही. दोन रेषा, दोन तर्क, तर्काची जातही एकच. एक खरा ठरला, दुसरा खोटा. आपले नैयायिक डोंगरावरील अग्नीचे अनुमान सांगताना बजावतात की धुके पाहून धूर समजू नये. नेब्युला या शब्दाचा मूळ अर्थ धुकेच.

याच हिरव्या रेषेचा एक धागा पुण्यात येतो, आणि तो आमच्या मराठी वाचकांस फारसा ठाऊक नसतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली आणि 1888 साली तेथे वीस इंची परावर्ती दुर्बीण बसविली. लॉकियर यांचा त्या काळी एक सिद्धान्त होता की अभ्रिका म्हणजे उल्कांचे थवे, आणि ती हिरवी रेषा उल्कांतील मॅग्नेशियमची. तसे असते तर ती रेषा एका बाजूस विस्कटलेली, झिरपलेली दिसावयास हवी होती. नायगमवालांनी लॉकियर यांचा सल्ला घेतलेला, त्यांच्याविषयी आदर बाळगणारा हा माणूस. त्याने मृगातील मोठ्या अभ्रिकेची ती रेषा पाहिली, आणि 1891 मध्ये नोंदवून टाकले की ती तीक्ष्ण आहे, अरुंद आहे, दोन्ही बाजूंनी सारखी आहे. थोर माणसाच्या सिद्धान्तास जी किंचित झिरप हवी होती, ती त्यांनी तिला दिली नाही. रात्रीच्या अंधारात, थकल्या डोळ्यांनी, इतकीशी झिरप ‘दिसणे’ किती सोपे झाले असते! नायगमवाला निवृत्त होताच 1912 साली ती वेधशाळा मोडली आणि दुर्बीण कोडईकनालास गेली. पुण्यात त्या ठिकाणी आता काय आहे असे विचारावयास नको.

लॉकियर यांचेच आणखी एक प्रकरण आपल्या घरचे आहे. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला असे आपण अभिमानाने सांगतो. लॉकियर विजयदुर्गास आले ते 1898 च्या जानेवारीतील खग्रास ग्रहणासाठी. 1868 साली ती पिवळी रेषा पाहिली तेव्हा ते इंग्लंडात होते. दोन सालांमधील तीस वर्षांचे अंतर आपल्या प्रेमाने भरून काढले. ही आत घातलेली रेघ. ती कोणी लबाडीने घातली नाही, आणि म्हणूनच ती पुसणे इतके कठीण.

आता आमच्या रेघेकडे येतो.

सर्व संस्कार झाल्यावरही चित्रात थोडी खरखर राहिली होती. ती घालविण्यासाठी अलीकडे संगणकाच्या आज्ञावली मिळतात, ज्यांस सहस्रावधी चित्रे दाखवून शिकविलेले असते. खरखर कोणती आणि आकार कोणता हे त्या आपल्या आपण ठरवितात. आम्ही ती आज्ञावली चालविली, अर्ध्या मिनिटात चित्र गुळगुळीत झाले, आणि पाहतो तो खालच्या अंगास, जेथे अभ्रिका विरळ होत जाते तेथे, एक सुरेख, सलग, वळसेदार तंतू. आम्ही हरखलो. बारा तासांच्या तपश्चर्येचे फळ म्हणून आम्ही तो स्वीकारला. चौकटीच्या दुकानदारानेही त्याच तंतूचे कौतुक केले.

पाडव्याच्या त्या रात्री आम्ही उठून संगणक लावला आणि 144 चित्रांची गुळगुळीत न केलेली सरासरी काढून पाहिली. तंतूच्या जागी चार-सहा उजळ ठिपके होते, एका ओळीत म्हणता येतील असे. मग चित्रांचे दोन वाटे केले, 72 आणि 72, आणि दोहोंची निरनिराळी सरासरी काढली. खरा तंतू दोन्ही वाट्यांत असावयास हवा. पहिल्या वाट्यात ठिपके होते, दुसऱ्यात नव्हते. आज्ञावलीने मेडुसेसारखे आकार पुष्कळ पाहिलेले होते. अशा ठिकाणी सहसा तंतू असतो हे तिला ठाऊक होते. तिने ठिपके जोडले, मॉन्डरच्या शाळेतील मुलाप्रमाणे. सापांचे केस असलेल्या बाईस आणखी एक साप मिळाला. वेदान्त्यांच्या दोरीवरील साप निदान दोरीवर तरी बेतलेला असतो.

आम्ही स्वतःचा बचाव करून पाहिला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. एक तर, यात कोणाचे नुकसान झाले? कोणाची जमीन गेली नाही, कोणाचे निवृत्तिवेतन अडले नाही. दुसरे, आम्ही शास्त्रज्ञ नाही. भिंतीवर लावावयाचे एक चित्र, ते सुंदर असावे, बस्स. तिसरा मुद्दा सर्वांत बळकट होता: आम्ही ताणले, गाळले, वजा केले, रंग दिला, इतके केल्यावर एका रेघेचे सोवळे कशाला? या तिसऱ्या मुद्द्याशी आम्ही पुष्कळ दिवस झगडत राहिलो. कार्यालयात टिपण्या लिहितानाही तो डोक्यात घोळत असे.

शेवटी उत्तर आम्हांस आमच्याच धंद्यात मिळाले. जुन्या महसुली कागदांवर नक्कल करणारा खाली लिहीत असे, ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. नक्कल करणाऱ्याचे अक्षर निराळे, कागद निराळा, शाई निराळी. तरीही ती अस्सल बरहुकूम, कारण तीतील प्रत्येक शब्द मूळ कागदातील शब्दाकडे बोट दाखवू शकतो. अस्सल कागद फाटलेला असेल तेथे प्रामाणिक कारकून टिंबे देतो. ताणणे, गाळणे, वजा करणे, या सर्वांत आमच्या चित्रातील प्रत्येक ठिकाणचा उजेड उलट्या वाटेने मागे नेता येतो, नऊ रात्रींपैकी कोणत्या तरी रात्री आमच्या आरशावर पडलेल्या किरणापर्यंत. त्या रेघेचा उजेड तसा नेता येत नाही. ती आमच्या आकाशातून आलेली नाही. ती इतरांच्या सहस्रावधी चित्रांतून आलेली आहे. राजवाड्यांनी आयुष्यभर अस्सल पत्रांस बखरींहून वरचे स्थान दिले. बखरकार नेहमी खोटे लिहितो असे नव्हे. पुष्कळदा तो खरेही लिहितो. पण लढाई कशी झाली असेल हे त्याला आधीच्या बखरींवरून ठाऊक असते, आणि जेथे कागद मुका असतो तेथे त्याची लेखणी थांबत नाही. आमच्या संगणकाने बखर लिहिली होती, आणि खाली सही आमची होती.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात युरोपीय वेधशाळेची आठ मीटरहून अधिक व्यासाची दुर्बीण आहे. तिने घेतलेले मेडुसेचे चित्र 2015 साली प्रसिद्ध झाले आहे. दोन दिवसांनी आम्ही ते उघडून आमच्या रेघेशी ताडून पाहिले. जुळले नाही. आमच्या रेघेच्या जवळपास तंतू होते, पण त्यांची दिशा निराळी. आम्ही निराश झालो, आणि त्या निराशेनेच आम्ही चमकलो. रेघ जुळली असती तर आम्ही गप्प बसलो असतो, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे. काकांस सांगितले असते, “आहे व्हाउचर, चिलीहून आले आहे.” आणि तेव्हाही ती रेघ आमची नसतीच. मूळ कागद न पाहता केलेली नक्कल मुळाशी तंतोतंत जुळली तरी ती करणाऱ्याने नक्कल केली असे होत नाही. त्याचा अंदाज बरोबर आला, एवढेच. 2014 पासून केंद्र सरकारने पुष्कळ ठिकाणी राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी अर्जदाराची स्वतःचीच साक्ष पुरेशी मानली आहे. त्या वेळी आमच्या टेबलावर पुष्कळांनी नाके मुरडली होती, आम्हीही त्यांत होतो. आता वाटते, ती सवलत नव्हती. पूर्वी सही करणारा निदान मूळ कागद दाखवा असे म्हणत असे. आता ते आपण आपल्यास म्हणावयाचे.

नुकसान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तरही तेव्हाच मिळाले, पण ते विचार करून नव्हे. आमच्या मजल्यावरील एक शाळकरी मुलगी पाडव्याच्या दिवशी आमच्या छायाचित्रापुढे बसून रंगीत खडूंनी त्याची नक्कल करीत होती. एप्रिलमध्ये तिने ते चित्र आणून आम्हांस भेट दिले. अभ्रिकेचा तांबूस आकार तिला फारसा साधला नव्हता. ती रेघ मात्र तिने मोठ्या निगुतीने, जीभ दातांत धरून काढली असावी, वळसा न् वळसा बरोबर. आम्ही तिला “छान” म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो? आणि त्याच आठवड्यात मंडळाच्या चिटणीसांस सांगून भिंतीवरील चित्र उतरविले.

नवे चित्र तयार करण्यास फार वेळ लागला नाही. खरखर आहे तशी ठेवली. खालच्या अंगास अभ्रिका कोठे संपते ते त्यात नीट कळत नाही. ती हळूहळू दाणेदार काळोखात विरते. घरातील मंडळींचे मत पहिलेच चित्र बरे होते असे पडले, आणि खरे सांगावयाचे तर ते दिसावयास बरे होतेच. खाली एका पट्टीवर लिहिले: पाच मिनिटांची 144 छायाचित्रे, येलहंका, जानेवारी ते मार्च 2025, रंग गाळणीनुसार, डोळ्यांस दिसत नाही. या शेवटच्या तीन शब्दांवर चिटणीसांचा आक्षेप होता. त्यांच्या मते अशाने लोक चित्राकडे वळणार नाहीत. ते शब्द आम्ही ठेवले.

त्या मुलीस घरी बोलावून दोन्ही चित्रे शेजारी शेजारी दाखविली आणि रेघ कशी आली ते सांगितले. तिने सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतले व विचारले, “मग मी माझी पुसू?” तेल-खडू पुसला जात नाही. तिने नखाने खरवडून पाहिले, कागद थोडा फाटला, आणि तेथेच सोडून दिले. ते चित्र अजून आमच्या कपाटाच्या दारावर आहे.

काकांकडे आम्ही मे महिन्याच्या एका रविवारी गेलो. दोन्ही उत्तरे दुरुस्त करावयाची होती: पाहिले नव्हते, आणि व्हाउचर नाही. त्यांस राग आला नाही, आनंदही झालेला दिसला नाही. चाळीस वर्षे आक्षेप काढून त्यांची उत्तरे वाचलेल्या माणसाच्या तटस्थपणे त्यांनी मान हलविली. मग म्हणाले, “मूळ कागद आणलेत का?” आम्ही लॅपटॉप बरोबर नेला होता. 144 पैकी पहिले छायाचित्र उघडले, जानेवारीतील पहिल्या रात्रीचे, ताणलेले नाही, गाळलेले नाही. काळा पडदा, त्यावर थोडे पांढरे ठिपके, वरच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली विमानाची एक लख्ख रेघ.

“यात आहे ती?” काकांनी विचारले.

“आहे,” आम्ही म्हणालो. “इथे मध्ये.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्याच्या मध्यावरच्या काळोखाकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. आतून काकूंनी चहा पाठविला होता, तो निवून गेला.